टी.एम.सी.त आमची घागर कुठाय?

दोस्त हो, आधी एक हिशेब मांडू. पाटी-पेन्सिल घेऊन बसा.

एक टी.एम.सी. म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी. लिटरात २८३१ कोटी लिटर. आमच्या मापात सांगायचं तर पंधरा लिटरची घागर धरली की १८८-१८९ कोटी घागरी. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांची माणसं २०११ च्या शिरगणतीत ५८ लाखांच्या वर भरली. पिण्या-धुण्याला खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाहिजे, हे माप सरकारच्याच जलजीवन मिशनचं आहे. करा गुणाकार. दोन्ही जिल्ह्यांतल्या समद्या माणसांना, राजे-महाराजांपासून आमच्यापर्यंत, वर्षभर पुरायला पाणी लागतं चार टी.एम.सी.च्या थोडं वर.

चार. आणि एकटं कोयनेचं धरण १०५ टी.एम.सी.चं आहे. धोम, कण्हेर, उरमोडी, तारळी, वारणा अजून मोजलीच नाहीत.

मग बहात्तर साली माझी आई घागर घेऊन का ताटकळली? २०१९ साली माझी सून टँकरच्या पाइपाखाली का भांडत होती? या दोन प्रश्नांचं उत्तर पावसाला विचारू नका. पाऊस आपलं काम करतो. महाबळेश्वरात तो वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि तिथनं शंभर-सव्वाशे किलोमीटरवर माणदेशात पाचशेच्या आतबाहेर. तो काही आज तसा पडायला लागला नाही. हजारो वर्षं तसाच पडतोय.

हल्ली शहरातल्या हॉलांत चर्चा झडतात. नदीखोरी धोक्यात आलीत. कृष्णेचं खोरं तुटीचं झालंय. हवामान बदललंय. पडद्यावर नकाशे येतात, निळ्या रेघा लाल होतात, श्रोते उसासे टाकतात आणि टेबलावरच्या बाटलीतलं पाणी पितात. मी अशा दोन-तीन सभांना मागच्या खुर्चीवर बसून आलोय. खोरं धोक्यात आहे हे खोटं नाही. पण एका तरी वक्त्यानं सांगितलं का, की या खोऱ्यात कोणाचं पाणी धोक्यात आलंय आणि कोणाचं कधीच नव्हतं? जे आमच्याकडं नव्हतंच ते धोक्यात कसं येणार?

जरा नदीबरोबर चालू. कृष्णा महाबळेश्वरी उगवते. वाई, माहुली करत कराडला येते, तिथं कोयना समोरून येऊन तिला भिडते. पुढं वाळवा, पलूस, सांगली. हरिपूरला वारणा मिळते. या वाटेवर दोन्ही काठांनी ऊसच ऊस. साखर कारखाने, बँका, दूधसंघ, कॉलेजं, मंत्री, सगळं या काळ्या पट्ट्यात पिकलं. पूर्वेला मात्र माण, खटाव, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत. तिथनं मुंबईला हमाल गेले, गलई कामगार गेले, ऊसतोड्या गेल्या. नदी एकच, खोरं एकच. पण एका अंगाला आमदारकी आणि दुसऱ्या अंगाला मुंबईची गाडी.

कोयनेचं पाणी कुठं जातं ते तर ऐका. कृष्णा पाणी तंटा लवाद, ज्याला आपण बच्छावत लवाद म्हणतो, त्यानं १९७३ मध्ये निवाडा दिला, १९७६ मध्ये पुढचा अहवाल दिला आणि महाराष्ट्राला ५६० टी.एम.सी. पाणी वाटून दिलं. त्यातलं ६७.५ टी.एम.सी. कोयनेतून पश्चिमेला वळवायची मुभा आहे. ते पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली पडतं, वीज होते आणि वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं. वरच्या हिशेबानं ते पाणी या दोन जिल्ह्यांचं सोळा वर्षांचं पिण्याचं पाणी आहे. दर साल. मला वीज नको असं कोणी समजू नये. आमच्या वस्तीत दिवा लागला तो दिवस मला आठवतो. पण मजा बघा. इकडं वीज करायला पाणी डोंगराखाली सोडायचं आणि तिकडं तीच वीज जाळून टेंभू, ताकारी, म्हैसाळचे पंप पाणी टप्प्याटप्प्यानं वर उपसणार. मग म्हणायचं, दुष्काळी भागाचं पाणी फार महाग पडतं बाबा! बिल थकलं की पंप बंद. समुद्राला पाणी दिल्याचं बिल कोणाच्या नावानं निघतं?

असो. ही भांडणं पूर्वेच्या शेतकऱ्यानं केली, चांगली केली. १९९३ पासून तेरा तालुक्यांच्या दुष्काळी परिषदा झाल्या, नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर उभे राहिले. १९९६ ला कृष्णा खोरे विकास महामंडळ निघालं, कारण लवादानं दिलेलं पाणी २००० सालाच्या आत अडवलं नाही तर हातचं जाईल ही भीती सरकारला पडली. नाहीतर आटपाडीच्या तहानेसाठी सरकार रात्रभर जागलं असतं असं मला वाटत नाही. आज त्या कालव्यांतून थोडंफार पाणी पूर्वेला वाहतं. डाळिंब, द्राक्ष आली आणि जिथं पाणी पोचलं तिथं ऊससुद्धा घुसला.

उसाचंही एक गणित मांडू, म्हणजे पाटी पुसायला मोकळे. पाटानं भिजवलेल्या उसाला वर्षाला दोन मीटरच्या आसपास पाणी लागतं. एकराला ऐंशी लाख लिटर झालं. माणसाला वर्षाला लागतं वीस हजार लिटर. म्हणजे एका एकरातला ऊस चारशे माणसांचं वर्ष पितो. आमची सबंध वस्ती धरून तीनशे डोकी हायेत. आमची वस्ती म्हणजे एक एकर ऊससुद्धा नाही!

इथं कोणीतरी हमखास उठतो. म्हणतो, मास्तर, पाण्यात जात कशाला कालवताय? दुष्काळ मराठ्याला हाय, धनगराला हाय, तुम्हालाबी हाय. त्याला माझं उत्तर असं. दुष्काळ सगळ्यांना आहे. पण दुष्काळ संपतो तेव्हा तो कोणाचा संपतो?

यासाठी मागं जावं लागेल. साल १९०१. बाबासाहेब तेव्हा नऊ-दहा वर्षांचे, साताऱ्यात शाळेत जात होते. त्यांचे वडील खटाव तालुक्यात रोखपाल म्हणून कामाला होते. कशाच्या कामाला? दुष्काळात मरणाऱ्या माणसांच्या हाताला काम म्हणून सरकार तळं खोदत होतं, त्या तळ्याच्या कामाला. सुट्टीत पोरं वडिलांकडं निघाली. भीमराव, भाऊ आणि बहिणीची मुलं. नवे सदरे, नव्या टोप्या. सातारहून रेल्वेनं मसूरला उतरली. वडिलांना निरोप पोचला नव्हता, न्यायला कोणी नाही. जात कळल्यावर बैलगाडी मिळेना. दुप्पट भाडं कबूल केलं तेव्हा एक गाडी मिळाली, तीही पोरांनी स्वतः हाकायची, गाडीवान बाजूनं चालणार. फराळाचा डबा सोबत, पाणी नाही. रात्री टोलनाक्यावर पाणी मागितलं. मुसलमान आहोत असं खोटं सांगितलं तरी नाक्यावरच्या माणसानं दिलं नाही. पोरं उपाशी झोपली, कारण कोरडा घास घशाखाली उतरेना. हे बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा'त लिहून ठेवलंय. महाडचं चवदार तळं १९२७ चं. त्याच्या सव्वीस वर्षं आधी या सातारा जिल्ह्यातल्या रस्त्यावर त्या पोराला कळलं होतं की पाणी नसणं वेगळं आणि पाणी न देणं वेगळं.

आणि लक्षात घ्या, वडील हिशेब ठेवत होते तळ्याच्या कामाचा! तळं खणणाऱ्यांच्या हजेऱ्या ज्याच्या कीर्दीत, त्याच्या पोरांना वाटेवर पाणी नाही.

त्यानंतर एकाहत्तर वर्षांनी, १९७२ ला, माझी आई असल्याच एका कामावर होती. माण-खटावच्या शिवेवर माझं गाव आहे. नाव लिहीत नाही, मला गावात राहायचं आहे. मी अकरा वर्षांचा. पाझर तलावाचं काम निघालं होतं. आई माती वाहायची, बाप खडी फोडायचा, मी धाकटीला सांभाळत बांधावर बसायचो. सुकडी मिळायची, लाल मिलोची भाकरी मिळायची, ती खाल्ली की पोटात आग पडायची. कामावर पाण्याचे दोन माठ. एक झाडाखाली, एक उन्हात. उन्हातला कोणाचा हे मला कोणी शिकवलं नाही, मी बघूनच शिकलो. आई घरी आली की डोक्यावरची चुंबळ सुद्धा ओली असायची, घामानं. तिनं त्या तलावाच्या भरावात किती पाट्या टाकल्या असतील त्याचं मोजमाप मस्टरवर होतं, मस्टर उधईनं खाल्लं.

तलाव झाला. पाऊस आला, तलाव भरला. आता पाझर तलाव म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकासाठी सांगतो. त्याला कालवा नसतो. पाणी अडतं, जमिनीत मुरतं आणि खालच्या अंगाच्या विहिरींना उमाळे फुटतात. खालच्या अंगाला जमीन ज्याची, विहीर त्याची. विहीर ज्याची, पाणी त्याचं. तलाव सरकारचा, माती आमच्या आयांची, आणि पाझर पाटलाचा. माझ्या आईला त्या पाझरातलं ओंजळभर मागायचा हक्क कुठल्या कायद्यात लिहिलाय ते मला कोणीतरी दाखवावं. मी वकिलांना विचारलंय. ते हसतात.

म्हणून मी म्हणतो, पाण्यात जात मी कालवत नाही. ती जमिनीतून आपसूक मुरून येते. पाणी सात-बाराच्या मागं चालतं आणि सात-बारा जातीच्या मागं. आमच्या नावावर काय होतं? महारकीचं वतन, म्हणजे गावाच्या पायाखालचा खडकाळ तुकडा आणि त्याच्या बदल्यात रात्रंदिवसाची वेठ. बाबासाहेबांनी १९२८ लाच मुंबई कौन्सिलात त्याविरुद्ध बिल मांडलं. वतनं गेली ती १९५८ च्या कायद्यानं. मांग, रामोशी, कैकाडी, वडार यांच्या नावावर तर तेवढाही खडक नाही. विहिरी खणायला वडार, विहिरीवर नाव दुसऱ्याचं.

आणि ज्यानं विहीर स्वतःच्या रानात, स्वतःच्या नावानं खणायची म्हटली त्याचं काय झालं? माण तालुक्यात कुळकजाई नावाचं गाव आहे. माणगंगा याच डोंगरात उगवते, पुढं भीमेला मिळते, भीमा कृष्णेला. म्हणजे ज्या खोऱ्याची चिंता तुम्ही हॉलात करता त्याचा एक झरा इथं आहे. २६ एप्रिल २००७ ला या गावात एका बौद्ध शेतकऱ्याचा खून झाला. पाझर तलावाजवळच्या आपल्या जमिनीत तो विहीर खोदत होता. ही विहीर झाली तर आमच्या विहिरींचं पाणी तुटेल, ही गावातल्या सवर्णांची तक्रार होती. खोदकामावरच त्याला मारलं. बारा जणांवर खटला चालला आणि २०१० मध्ये सत्र न्यायालयातून बाराही सुटले. एक माणूस भरदिवसा विहिरीच्या काठावर मेला आणि त्याला कोणी मारलं हे त्या कोर्टात सिद्ध झालं नाही.

आता मला सांगा, कुळकजाईच्या त्या तलावाचं पाणी कोणाचं होतं? भूजलशास्त्र सांगतं, जमिनीखाली पाण्याला शीव नसते. खालच्या विहिरीनं उपसलं तर वरची आटते, वरचीनं उपसलं तर खालची. हे खरं आहे. पण सवर्णाच्या विहिरीनं दलिताची विहीर आटली म्हणून कोणी कुऱ्हाड काढल्याचं मी ऐकलं नाही. जतेत, आटपाडीत पाचशे-पाचशे फूट बोअर मारून शेजाऱ्याचं पाणी ओढून घेणारे छातीला बिल्ला लावून हिंडतात. त्यांना प्रगतिशील शेतकरी म्हणतात.

माझ्या गावात आता विटाळ उघड नाही. कोणी मडकं फोडत नाही, कोणी शिवी देत नाही. रांग आहे. नळाची पाइप वरच्या आळीतून निघते, देवळाला वळसा घालते आणि सगळ्यात शेवटी आमच्याकडं येते. वरच्या आळीत प्रत्येक नळाला मोटर. आमच्यापर्यंत येते ती हवा. नळ फुसफुसतो. वस्तीच्या कमानीवर 'पाणी वाचवा' असं निळ्या रंगात रंगवलंय, चित्रात एक थेंब हात जोडून उभा आहे. आमच्या म्हातारीनं विचारलं, "मास्तर, ह्यो कुणाला हात जोडतोय?" टँकर आला तर तो विहिरीत ओततात, आणि विहिरीकडं आधी कोण धावणार हे ज्याच्या घरापासून विहीर जवळ त्यानं ठरवायचं. विहीर आमच्या घरापासून कधीच जवळ नसते. मला पेन्शन आहे, मी वीस लिटरचा जार विकत घेतो. शेजारची पोरगी, नववीतली, टँकरच्या दिवशी शाळेत जात नाही.

आणि पाणी जास्त झालं तरी आम्हीच. येरळा खटावात वर्षातले आठ महिने वाळू दाखवते. तीच येरळा खाली ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते, आणि ऑगस्ट २०१९ च्या महापुरात त्याच ब्रह्मनाळला माणसं वाचवायला आलेली बोट उलटली, माणसं बुडाली. त्याच आठवड्यात जत-आटपाडीच्या गावांत टँकर चालू होते. एकाच जिल्ह्यात एक बाई छपरावर बसलेली, दुसरी टँकरच्या वाटेवर. २००५ ला पूर, २०१९ ला पूर, २०२१ ला पुन्हा. नदीकाठची खोलगट, फुकाची जागा गावानं कोणाला दिली होती ते पुराच्या पाण्याला बरोबर ठाऊक असतं. आणि पंचनाम्याला आलेला माणूस विचारतो, शेतीचं नुकसान किती? शेतीच नाही म्हटल्यावर वही मिटतो. मजुराचे बुडलेले दीड महिन्याचे रोज कुठल्या रकान्यात लिहायचे?

मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ कृष्णेत मासे मरून तरंगले. कारखान्यांची मळी की शहरांचं सांडपाणी, यावर पेपरात पानं भरली. मासे धरून पोट भरणाऱ्या भोयांच्या घरात त्या दिवशी काय शिजलं याची बातमी मला तरी दिसली नाही.

एप्रिल २०१६ आठवतो? लातूरला पाणी नव्हतं. मिरजेतून रेल्वेच्या वाघिणी भरल्या आणि पहिल्या गाडीनं पाच लाख लिटर पाणी लातूरला नेलं. कृष्णेचं पाणी. सरकारच्या मनात आलं की चार दिवसांत पाइप पडते, रेल्वे धुऊन निघते, मंत्री हिरवा झेंडा दाखवतात. लातूरच्या तहानलेल्यांना पाणी गेलं, चांगलं झालं, त्यात माझं काही दुखणं नाही. माझं म्हणणं एवढंच, की ही गाडी जिथनं सुटली त्या जिल्ह्यातच जत आहे. तिथल्या पूर्वेच्या गावांनी २०१२ मध्ये ठराव केले होते, पाणी देत नसाल तर आम्हाला कर्नाटकात जाऊ द्या. २०२२ ला कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी ते ठराव उकरले तेव्हा मुंबईत सगळ्यांची अस्मिता जागी झाली. पाण्यानं जागी झाली नव्हती, नकाशानं झाली.

मग करायचं काय? रडगाणं गायला हे लिहिलेलं नाही.

या मातीत याचं उत्तर एकदा सापडलेलं आहे. १९८० च्या दशकात खानापूर तालुक्यात बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी मुक्ती संघर्षाच्या चळवळीतून येरळेवर बळीराजा धरण बांधलं. सरकार नदीतली वाळू ठेकेदारांना विकत होतं. लोक म्हणाले, वाळू आमच्या नदीची, थोडी आम्ही विकू आणि त्या पैशातून धरण बांधू. बांधलं. आणि नियम काय केला? पाणी एकरावर नाही, माणसांवर वाटायचं. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. त्याच्या आधी सत्तरच्या दशकात पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखेंच्या पाणी पंचायतीनं हेच तत्त्व धरलं होतं. पाणी घरातल्या डोक्यांप्रमाणं, भूमिहीनालाही, ऊस बंद.

भूमिहीन पाणी घेऊन करणार काय, हा प्रश्न शहाणी माणसं मला तोंड वाकडं करून विचारतात. काय करणार? अरे, ज्याच्याकडं रान आहे पण पाणी नाही असा कोरडवाहू शेतकरी गावात आहेच की. त्याचं रान, माझं पाणी, पीक अर्धं-अर्धं. आजवर आम्ही त्याच्या बांधावर हात पसरून जात होतो, पाण्याचा वाटा हातात असला की तो आमच्या दारात येऊन बसेल, चहा पिईल. आमच्या घरचा चहा! नाहीतर बाई परसात भाजी करील, चार शेळ्यांची एक म्हैस होईल, पोरगी टँकरच्या दिवशी शाळेत जाईल. पाण्याचा वाटा हातात असणं म्हणजे काय हे ज्यांना जन्मतः मिळालंय त्यांना कळत नाही.

पण सरकारनं काय उचललं? २००५ मध्ये दोन कायदे झाले. एकानं जलसंपत्तीचं नियमन करणारं प्राधिकरण आलं, दुसऱ्यानं शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था. पाणी आता लोकांच्या हाती, अशी भाषणं झाली. या संस्थेचा सभासद कोण? लाभक्षेत्रात ज्याची जमीन तो. बास. ज्याची जमीन नाही तो त्या कायद्याच्या दृष्टीनं गावात राहतच नाही. पाणी चळवळीतल्या माझ्या मित्रांनाही इथं दोन शब्द ऐकवतो, राग आला तर येऊ दे. तुमच्या ठरावांत भूमिहीनाचा वाटा आहे, मी टाळ्या वाजवल्यात, मोर्चात चाललोय. समन्यायी वाटपाची, बंदिस्त पाइपाची मागणी तुम्ही लावून धरलीत. पण पाइप गावात आली तेव्हा आमचा वाटा मागायला तुमच्यातलं कोण थांबलं? माझ्या गावात तरी कोणी थांबलं नाही. एकराला पाणी मिळालं, मोर्चा संपला.

आपल्यातल्या पुढाऱ्यांनाही सोडणार नाही. १४ एप्रिलला डी.जे.ला लागणारा पैसा सगळ्यांना मिळतो. महाडला दरसाल गाड्या भरून जातो, चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेऊन फोटो काढतो. बाबासाहेब १९४२ ते ४६ व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना देशाच्या नद्यांचं धोरण आखत होते, दामोदर आणि महानदीच्या योजना त्यांच्या टेबलावर होत्या, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? १९४५ ला कटकच्या परिषदेत त्यांनी मांडलं की फार पाणी ही आपत्ती मानू नका, ते अडवून वापरायची संपत्ती आहे. तळ्यावर हात लावण्यापासून ते सबंध खोऱ्याच्या वाटणीपर्यंत तो माणूस अठरा वर्षांत गेला. आपण अजून तळ्याच्या पायरीवर फोटो काढतोय. कालवा सल्लागार समितीची बैठक कधी असते, कुठल्या धरणातून किती आवर्तनं सुटणार हे तिथं ठरतं, हे आपल्या एका तरी पुढाऱ्याला विचारा.

आणि फुल्यांचं नाव घेणाऱ्यांनो, त्यांचं मूळ गाव कटगुण, आपल्या खटावातलं. १८६८ मध्ये त्यांनी पुण्याच्या घरचा हौद अस्पृश्यांना मोकळा केला. 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये बंधारे घाला, तळी बांधा म्हणून सरकारला बजावलं. एकाच माणसानं हौदही उघडला आणि बंधाराही मागितला. आज बंधारा मागणारे वेगळे झालेत आणि हौद मागणारे वेगळे.

मी गेल्या पावसाळ्यात एक काम केलं ते सांगतो. गावच्या पाणी वापर संस्थेकडं अर्ज दिला. छापील अर्ज होता. नाव लिहिलं, गाव लिहिलं. पुढचा रकाना गट नंबर, त्यापुढं क्षेत्र हेक्टर-आर. मी गट नंबरच्या जागी लिहिलं 'नाही'. क्षेत्राच्या जागी लिहिलं, 'घरात माणसं सहा, त्यातल्या आईनं १९७२ ला तलावाची माती वाहिली'. सचिव म्हणाला, "मास्तर, आसं चालत न्हाई." मी म्हटलं, पोच दे. त्यानं बराच वेळ कागदाकडं बघितलं, चेअरमनला फोन लावला, फोन लागला नाही, मग शिक्का मारून दिला. पोच माझ्याजवळ आहे. उत्तर आलेलं नाही.

वस्तीतल्या बावीस घरांनी नंतर तसेच अर्ज दिले. चार घरं मांगांची आहेत, दोन रामोशांची, एक घर कोरडवाहू मराठ्याचं, त्याची जमीन टेकडीवर आहे आणि कालवा खालनं जातो. तो आला तेव्हा वस्तीत जरा कुजबूज झाली, पण त्याचाही अर्ज मीच लिहून दिला. तुमच्या गावात पाणी वापर संस्था असेल तर असाच अर्ज द्या. गट नंबर नसला तर रकाना मोकळा सोडू नका, घरातली डोकी लिहा. तलावावर, कालव्यावर, खडीवर घरातलं कोण राबलं होतं त्याचं नाव आणि साल लिहा. दोन प्रती करा, एकीवर पोच घ्या, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.